उशाची जागा

प्रिय शमे,

काल ब्रिटिश म्युझियममध्ये एका दगडापुढे तासभर बसले होते आणि सबंध वेळ तुझी आठवण येत होती. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

दगड म्हणजे इफिसस या जुन्या ग्रीक शहरातल्या आर्टेमिस देवीच्या देवळातल्या एका खांबाचा तुकडा. चांगला पुरुषभर उंच, इ.स.पूर्व ३२०च्या सुमाराचा. जॉन टर्टल वुड यांना तो १८७१मध्ये खणताना सापडला. त्यावर एक बाई अंगावरचं वस्त्र सावरतेय. घराबाहेर पडताना आपण पदर सारखा करतो ना, अगदी तशी. एका बाजूला हर्मीस, मेलेल्यांना पाताळापर्यंत सोबत करणारा देव. दुसऱ्या बाजूला पंख असलेला एक कोवळा पोरगा, जवळ तलवार. हा थॅनाटॉस, म्हणजे साक्षात मृत्यू. झोपेचा भाऊ, रात्रीचा मुलगा. बाई कोण यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण अल्सेस्टिस म्हणतात, आणि मला ती अल्सेस्टिसच हवी आहे.

तिची गोष्ट तुला आवडेल. नवऱ्याच्या जागी दुसरं कुणी मरायला तयार झालं तर तो वाचणार होता. म्हातारे आईबाप नाही म्हणाले, ही हो म्हणाली. युरिपिडीस या ग्रीक नाटककाराच्या नाटकात (इ.स.पूर्व ४३८) थॅनाटॉस तलवारीनं तिच्या केसांची बट कापायला येतो, मग ती पाताळातल्या देवांची होते. पुढे हेराक्लीस हा बलदंड वीर थडग्यापाशी त्याच्याशी कुस्ती खेळून तिला परत आणतो. आपल्या सावित्रीनं यमाला बोलण्यात जिंकलं, इथे अंगाची ताकद लागली.

आता तुझ्या शिनिगामींकडे, म्हणजे जपानी गोष्टींतल्या मृत्यूच्या देवांकडे येते. आई गेली त्या वर्षी तू ‘डेथ नोट’ या जपानी चित्रकथेचे बाराही खंड पाठवलेस, तेव्हा मी तुझ्यावर खूप चिडले होते. ताकेशी ओबातांनी काढलेला तो र्‍यूक, सफरचंदं खाणारा शिनिगामी, कंटाळा आला म्हणून वही माणसांच्या जगात टाकणारा, मला बघवत नव्हता. नाव लिहिलं की चाळीस सेकंदांत माणूस संपतो, आणि हा बाजूला उभा राहून हसतो! पण सातव्या खंडात रेम या दुसऱ्या शिनिगामीचा तो प्रसंग आला. आपल्या माणसाचं आयुष्य वाढवायला वहीत दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं, तर शिनिगामी स्वतःच धूळ होतो. हे पुरतं माहीत असून ती मीसा या मुलीसाठी लिहिते. त्या पानावर मी पहिल्यांदा मोकळी रडले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू म्हणायचीस, शिनिगामी म्हणजे जपानचा यम. तसं नाही गं. आपला यम बौद्ध धर्मासोबत तिकडे गेला तो एन्मा झाला, न्यायनिवाडा करणारा. शिनिगामी निराळा, त्याच्याकडे निवाडा नसतो, नुसतं काम असतं. तसाच हा पंखवाला पोरगा. हुकूम दुसऱ्याचा, पाय याचे.

एन्चो नावाच्या कथाकाराची एकोणिसाव्या शतकातली ‘शिनिगामी’ नावाची राकुगो आहे, म्हणजे एकट्यानं बसून सांगायची गोष्ट. तिचं मूळ युरोपातलं, बहुधा ग्रिम बंधूंच्या कथेतलं, असं मानतात. शिनिगामी आजाऱ्याच्या पायथ्याशी बसला असेल तर माणूस वाचतो, उशाशी असेल तर नाही. नायक युक्ती करतो, शिनिगामीला डुलकी लागली की आजाऱ्याचं अंथरूणच उलटं फिरवतो.

शमे, ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. तरी शेवटच्या आठवड्यात आईच्या उशाची जागा मी एक रात्रही सोडली नाही. मावशी म्हणायची, जरा पाठ टेक, मी बसते. मी उठलेच नाही.

खांबाचे चार फोटो सोबत ठेवलेत. थॅनाटॉसचा चेहरा नीट बघ आणि जमलं तर मला त्याचं चित्र काढून पाठव, पंखांसकट. सातवा खंड अजून माझ्याकडेच आहे, दिवाळीला येईन तेव्हा आणते.

तुझी,
मृणाल