दोन बोटं खाली

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

परवा वाचनालयात नवी पुस्तकं आली. जागा फक्त सगळ्यात वरच्या फळीवर होती. मी नेहमीसारखा डावा हात वर केला, एकामागून एक पुस्तकं लावत गेले आणि सातवं पुस्तक हातात घेतल्यावर लक्षात आलं, की खांदा दुखला नाही. स्टूल घ्यायचीसुद्धा आठवण झाली नव्हती. तिथेच ठरवलं, की आता पत्र लिहायचं. समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गं" म्हणत चहा टाकायला उठता. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे समजावून सांगितलंत ते आणखी कुणाला तरी उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी फ्लूची लस घेतली. सासऱ्यांना दम्याचा जुना त्रास आहे. पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्यांनी लस घेतलेली बरी, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कामावरून परत येताना एका दवाखान्यात गेले. गर्दी होती. माझ्या कुर्त्याच्या बाह्या घट्ट होत्या, वर सरकेनात, म्हणून मीच गळा खांद्यावरून खाली ओढला. मी खुर्चीवर बसलेली, लस देणारी मुलगी माझ्याशेजारी उभी. सुई टोचली, कापूस लावला, झालं. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

लसीनंतर हात दुखतो हे मला नवीन नव्हतं. 2021 मध्ये करोनाचे दोन्ही डोस याच डाव्या हातात घेतले होते. तेव्हा दोन दिवस दंड जड झाला होता, तिसऱ्या दिवशी विसरूनही गेले. यावेळी त्याच संध्याकाळपासून दुखायला लागलं आणि ते दंडात नव्हतं, वर खांद्यात आत कुठेतरी होतं. आठवडा झाला, दोन झाले. डाव्या कुशीवर झोपता येईना. वेणी घालायला हात मागे जाईना. ब्लाउजचे मागचे हुक मुलगी लावून द्यायची आणि ती कॉलेजला लवकर गेली की मी पुढच्या हुकांचे ब्लाउज शोधत बसायची. मी डावखुरी. पोळी लाटणं, लिहिणं, फळीवरचं पुस्तक काढणं, सगळं त्याच हाताचं.

जिथे जिथे सांगितलं तिथे एकच उत्तर मिळालं. लसीनंतर थोडं दुखतंच. मग, वयाचं आहे. मग, पाळी जायच्या दिवसांत अंग असं धरतंच. एका ठिकाणी तर मला हळूच विचारलं, की घरी काही ताण आहे का. मी गोळ्या घ्यायची, चार दिवस बरं वाटायचं, की परत तेच. हळूहळू मी सांगणंच बंद केलं. सिस्टर, दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं होतं मला. आपलं दुखणं खरं आहे की नाही, याचीच शंका यायला लागली होती.

आणि मग तो जुलैचा दिवस. पाऊस जरा उघडला होता आणि मी गॅलरीत काठीने कपडे वाळत घालत होते. तुम्ही वरच्या मजल्यावरून खाली उतरत होतात. जिन्यात थांबलात आणि म्हणालात, "अगं, तू डावखुरी ना? मग काठी उजव्या हातात का?"

दीड महिन्यात हे कुणाच्याही डोळ्यांना दिसलं नव्हतं. घरच्यांच्याही नाही.

तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलंत. आधी नुसतं ऐकून घेतलंत, मधे एकदाही बोलला नाहीत. मग विचारलंत, सुई नेमकी कुठे टोचली ते बोटाने दाखव. मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिथे निळसर डाग पडला होता, त्यामुळे जागा पक्की आठवत होती. माझं बोट खांद्याच्या टोकाच्या हाडाला जवळजवळ लागूनच होतं. तुम्ही काही क्षण गप्प बसलात. मग माझा हात कमरेवर ठेवायला सांगितलात, ते हाड चाचपलंत, त्याच्याखाली तुमची दोन बोटं आडवी ठेवलीत आणि त्यांच्याही खाली, दंडाच्या भरल्या भागावर, अंगठ्याने दाबलंत. "इथे," म्हणालात. "दोन-तीन बोटं खाली. आणि काखेच्या रेषेच्या वर. या एवढ्याच पट्ट्यात."

आजही आरशासमोर उभी राहिले की मी कधीकधी तिथे बोटं ठेवून बघते.

मग तुम्ही टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला खांद्याचं चित्र काढलंत. दंडाचा वरचा तो त्रिकोणी स्नायू, डेल्टॉइड. त्याच्या खाली, हाडाच्या टोकापासून खालपर्यंत पसरलेली एक चपटी, ओलसर पिशवी, बर्सा. हात हलताना स्नायू आणि हाड एकमेकांना घासू नयेत म्हणून ती तिथे असते. लस स्नायूत जायला हवी. सुई फार वर टोचली गेली, जसं देणारी उभी आणि घेणारी बसलेली असताना होऊ शकतं, तर औषध या पिशवीत किंवा तिच्या शेजारच्या स्नायुबंधांत उतरू शकतं. लसीचं कामच शरीराला चेतवायचं. जे स्नायूत दोन दिवसांत निवतं, ते त्या बंद जागेत महिनोन्‌महिने धुमसत राहतं. याला नाव आहे हे तुमच्याकडूनच कळलं. लस टोचण्यातून खांद्याला होणारी इजा, इंग्रजी आद्याक्षरांनी तिला 'सिर्वा' म्हणतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये अशा 13 रुग्णांची माहिती एकत्र छापली आणि 2017 मध्ये तिथल्या सरकारने लसीनंतरच्या इजांच्या भरपाईच्या यादीत त्याचा समावेश केला. दुखणं पहिल्या 48 तासांत सुरू होणं ही त्याची ओळख. हे क्वचितच होतं, असंही तुम्ही दोनदा बजावून सांगितलंत.

ते सगळं ऐकताना मी रडले. तुम्हाला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते सिस्टर. दीड महिन्यानंतर कुणीतरी माझं दुखणं खरं मानलं होतं.

त्या दिवशी तुम्ही आणखी एक मोठी गोष्ट केलीत आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या भाचेसुनेचं बाळ तेव्हा सव्वा महिन्याचं होतं. आमच्या घरच्या ग्रुपवर लसींविरुद्धचे मेसेज फिरत होते आणि माझा हात पाहून तिने मला विचारलं होतं, "मावशी, बाळाचं टोचून घेऊ की थांबू?" मी तिला "थांब" म्हणणार होते. मेसेज अर्धा लिहून झाला होता. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुझ्या हाताचा त्या बाळाशी काय संबंध? लस चांगलीच होती, टोचायची जागा चुकली. आणि एवढ्या लहान बाळाला स्नायूतली लस दंडात देत नाहीत, मांडीत देतात."

आणि मग तुम्ही 2009 चं सांगितलंत. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला ते दिवस, तोंडाला रुमाल बांधून फिरणारं शहर, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा. तुम्ही तेव्हा महापालिकेच्या नोकरीत होतात. इतकी वर्षं शेजारी राहून तुमच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी तो अर्धा मेसेज तुमच्यासमोर पुसला. बाळाला दीड महिन्याची लस वेळेवर मिळाली. आता तो भिंतीला धरून चालतो.

पुढचं थोडक्यात लिहिते. तुम्ही माझ्याबरोबर हाडांच्या डॉक्टरांकडे आलात. सोनोग्राफीत त्या पिशवीला सूज दिसली आणि खांदा आखडायला लागल्याचंही डॉक्टरांनी सांगितलं. असा आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, मधुमेहात जास्त दिसतो म्हणून तीन महिन्यांची साखर तपासली, ती ठीक निघाली. सुजेवरची औषधं आणि फिजिओथेरपी सुरू झाली.

हे घडलं ते कळवायचं, हा आग्रहही तुमचाच. मला भांडण नको होतं. ती मुलगी विशीतली असेल, तिची नोकरी जाईल या भीतीने मी टाळत होते. तुम्ही म्हणालात, लसीनंतर झालेल्या त्रासाला एईएफआय म्हणतात आणि तो नोंदवायची सरकारी पद्धत आहे. त्यात कारणांचे वेगवेगळे प्रकार मानलेले आहेत आणि देण्यातली चूक हा त्यातला एक वेगळा प्रकार आहे. नोंद झाली नाही तर सगळं खापर लसीवर फुटतं. मग आपण दोघींनी मिळून साधं पत्र लिहिलं. तारीख, वेळ, मी बसलेली, ती उभी, गळा ओढलेला, जागा अमुक. एकही दोषाचा शब्द तुम्ही लिहू दिला नाहीत. त्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं आणि फॉर्म पुढे पाठवतो म्हणाले. त्या मुलीने स्वतः फोन करून "मॅडम, आता मी स्टूल घेऊन बसते" असं सांगितलं, तेव्हा तुम्ही किती खूश झालात!

व्यायामाचे ते महिने मात्र मला थोडक्यात लिहिता येणार नाहीत. रोज संध्याकाळी साडेसातला तुमची हाक यायची. उजवा हात ओट्यावर टेकून पुढे वाकायचं आणि डावा हात लंबकासारखा लोंबता सोडायचा. मग दारावरची कप्पी. ती तुम्ही बोहरी आळीतून स्वतः आणलीत, दोरीसकट, आणि पैसे घेतले नाहीत. चांगल्या हाताने दोरी ओढायची आणि दुखरा हात वर न्यायचा. शेवटी भिंत. बोटांनी भिंतीवर चढायचं, मुंगीसारखं, आणि जिथे खांदा नाही म्हणेल तिथे थांबायचं. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, ताणा, पण ओरबाडू नका. तुम्ही ते वाक्य घड्याळाखाली लिहून चिकटवलं होतं.

मी जिथे थांबायची तिथे तुम्ही पेन्सिलने रेघ मारायचात आणि शेजारी तारीख. पहिली रेघ माझ्या हनुवटीच्या उंचीला होती. गणपतीत ती कपाळापर्यंत आली आणि तुम्ही दोन उकडीचे मोदक माझ्या हातावर ठेवलेत. मग तिथेच अडकली. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे एक सूतही वर गेली नाही. मी म्हणाले, "आता रेघ नका मारू सिस्टर, त्याच जागी तर आहे." तुम्ही तरी त्याच रेघेशेजारी नवी तारीख घातलीत. तारखांची ओळ आडवी लांबत गेली. "खाली तर नाही ना आली," एवढंच म्हणालात. त्या दिवसांत मी व्यायाम सोडला नाही, तो फक्त त्या तारखांमुळे. मला यायचा कंटाळा आला तरी तुम्हाला भिंतीपाशी पेन्सिल घेऊन उभं राहायचा कंटाळा आला नाही.

संक्रांतीला रेघ डोक्याच्या वर गेली. पाडव्याला मीच गुढी बांधली, काठी दोन्ही हातांनी उचलून.

गेल्या महिन्यात परत फ्लूच्या लसीची वेळ आली. खरं सांगते, रात्रभर झोप नव्हती. तुम्ही काही न बोलता सकाळी चप्पल घालून दारात उभ्या राहिलात. मी सैल बाह्यांचा कुर्ता घातला होता, बाही पूर्ण वर गेली. उजवा हात पुढे केला. लस देणारा मुलगा स्टूल ओढून समोर बसला, मला हात कमरेवर ठेवायला सांगितला, त्याने हाड चाचपलं आणि दोन बोटं ठेवली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचे ओठ हलत होते, तुम्ही त्याच्याबरोबर मोजत होतात. दोन दिवस दंड दुखला, तिसऱ्या दिवशी थांबला.

सिस्टर, तुम्ही ना माझ्या नात्याच्या, ना माझं काही देणं लागत होतात. निवृत्तीनंतरच्या तुमच्या संध्याकाळी तुम्ही माझ्या एका खांद्याला दिल्यात. तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, तरी मनापासून, दोन्ही हात जोडून मानते. आता डावा हातही नीट जोडला जातो.

कप्पी सध्या तळमजल्यावरच्या काकांकडे दिली आहे, त्यांचा उजवा खांदा आखडलाय. त्यांना साखर आहे, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवून यायला सांगितलं.

आणि एक विनंती. दिवाळीआधी घराला रंग काढायचा म्हणत होतात. स्वयंपाकघराच्या त्या भिंतीवर ब्रश फिरवायच्या आधी मला एक हाक मारा. मला त्या सगळ्या रेघा आणि तारखा एकदा वहीत उतरवून घ्यायच्या आहेत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची डावखुरी