रिपोर्टात शंभर टक्के, भिंतीला ओल

मा. संपादक, स.न.

भाड्याच्या घरांवर पत्र म्हटलं की बहुतेक वेळा भाडेकरू मालकाच्या नावाने बोटं मोडत असतो. मी मालकीण आहे, आणि भाडेकरूचंच खरं होतं हे मला वर्षभर उशिरा कळलं म्हणून लिहितेय.

पुण्याजवळ वाकडला आमचा वन बीएचके आहे, आम्ही राहतो नाशिकला, गुडघ्यांमुळे सारखं धावत जाणं होत नाही म्हणून घर बघायला एका कंपनीकडे दिलं. भाडेकरूने ॲपवर तक्रार टाकायची, तिला नंबर पडतो, माणूस येऊन जातो, तक्रार बंद. मला महिनाअखेरीला रिपोर्ट, तक्रारी इतक्या, सोडवल्या इतक्या, सरासरी वेळ अमुक तास. कायम हिरवं. मी मिस्टरांना कौतुकाने दाखवायचे.

मे महिन्यात भाडेकरू मुलगा घर सोडणार म्हणून चावी घ्यायला गेले तर बाथरूमलगतच्या बेडरूमच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, रंगाचे पोपडे, कपाटाचा मागचा प्लाय फुगलेला, हात लावला तर भुसा पडला. मी तोंड उघडायच्या आत त्याने मोबाईलच पुढे केला. एकाच भिंतीच्या पाच तक्रारी! पहिल्यांदा प्लंबर येऊन नळ आवळून गेला, बंद. मग ‘भिंत वाळल्यावर रंग देऊ’, बंद. मग ‘सोसायटीला सांगा’, बंद. एकदा तर सकाळी अकराला माणूस पाठवला, पोरगा ऑफिसात, ‘भाडेकरू घरी नाही’ म्हणून बंद. पाचवी का बंद केली ते लिहायचेही कष्ट घेतले नाहीत. माझ्या रिपोर्टात त्या पाच सोडवलेल्या तक्रारी होत्या. नंतर त्याने कंटाळून सांगणंच सोडलं, तर पुढचे तीन महिने शून्य तक्रारी आणि मला वाटलं घर अगदी झकास आहे.

तक्रार किती तासांत बंद झाली यावरच काम मोजलं तर माणूस बंद करण्याचंच काम करणार ना. एकाच जागेची तक्रार महिन्याभरात परत आली का, आणि बंद म्हणायला भाडेकरूने हो म्हटलं का, हे रिपोर्टात हवं. मी तसं सुचवलं तर म्हणे सिस्टीममध्ये ऑप्शन नाही.

शेवटी मीच वरच्या मजल्यावर जाऊन बोलले, त्यांच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्यातून, पाणी झिरपत होतं, भल्या माणसाने चार दिवसांत फरशी फोडून काम करून घेतलं. गच्चीचं किंवा बाहेरच्या कॉमन पाइपचं लीकेज सोसायटीचं आणि घरातलं ज्याचं त्याचं, हे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच, म्हणजे नमुना नियमांतच आहे, घरं सांभाळायचा धंदा करणाऱ्यांना एवढं माहीत नको?

कायद्याचंही बघितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये मालकाने घर दुरुस्त ठेवायचं, लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. पण ते कायद्याने भाडेकरू ठरणाऱ्याला, या पोरासारख्या लीव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे नुसता राहायचा परवाना घेतलेल्याला, करारात लिहिलं असेल तेच, आणि आमच्या करारात नुसतं ‘किरकोळ दुरुस्ती लायसन्सीची’, म्हणजे राहणाऱ्याची. किरकोळ म्हणजे काय ते देवाला ठाऊक. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात, म्हणजे राज्यांसाठीच्या नमुन्यात, यादीच आहे, नळाचे वॉशर, स्विच, गीझर राहणाऱ्याकडे, पाइप, वायरिंग, भिंतींची सफेदी मालकाकडे. पुढच्या करारात ती यादी मी तशीच टाकणार आहे.

अजून एक राहिलं. मुलाच्या डिपॉझिटमधून रंगाचे साडेनऊ हजार कापायचं कंपनीने कळवलं होतं, कारणाच्या रकान्यात ‘भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे ओल’. मी डिपॉझिट पूर्ण परत दिलं आणि त्याच्याकडून त्या पाचही तक्रारींचे स्क्रीनशॉट मागून घेतले.

— एक फ्लॅटमालकीण, नाशिक