आबा, पळून मिळतं काय ते सांगते

बॉस्टन
१६ नोव्हेंबर

ती. आबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

इथली घड्याळं तासाभरानं मागे गेल्यापासून आपल्या फोनची वेळ पार विस्कटली आहे. मी संध्याकाळी घरी येते तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. उरला रविवार, आणि त्यातला अर्धा वेळ "जेवलात का", "थंडी किती", "आवाज येतोय का" यातच जातो. म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारी आबांनी विचारलं होतं, "तीन-तीन तास पळतेस, नंबर तर येत नाही, मग मिळतं काय?" मागून आईचा आवाज आला, "आणि हार्टवर ताण येतो तो वेगळाच." मी काही बोलायच्या आत विषय आबांच्या गोळ्यांवर गेला. तेव्हा आईच्या बोलण्याला आधी उत्तर देते, कारण त्याच्यापाशी एक गोष्ट आहे.

मी पळते तो रस्ता चार्ल्स नदीच्या कडेनं जातो. दोन्ही काठांनी डांबरी पायवाट आहे. तिला नाव दिलंय डॉ. पॉल डडली व्हाइट यांचं. हे इथले हृदयरोगतज्ज्ञ. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा उपचाराला यांना बोलावलं होतं. त्या काळी झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवायची पद्धत होती. व्हाइट मात्र सांगत, चाला, सायकल चालवा. म्हणजे आबा, तुमचे डॉक्टर तुम्हाला जे सांगून सांगून दमलेत तेच.

आता दुसरा माणूस, क्लॅरेन्स डीमार. छापखान्यात काम करायचा. १९११ च्या बॉस्टन मॅरेथॉनच्या आधी डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर एक जादा आवाज, ऐकू आली, आणि ही तुझी शेवटची शर्यत समज म्हणून सांगितलं. तो ती शर्यत जिंकला. मधली काही वर्षं तो मागे राहिला, पण पुढे आणखी सहा वेळा जिंकला, शेवटची १९३० मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला कांस्यपदकही मिळालं. १९५८ मध्ये तो कॅन्सरनं गेला. मग त्याचं हृदय तपासण्यात आलं. तपासणाऱ्यांत हेच डॉ. व्हाइट होते. त्यांनी १९६१ मध्ये निबंध छापला: डीमारच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. वयानुसार चरबी साठली होतीच, पण रस्ताच इतका मोठा की काही अडलं नाही.

आई, एका माणसावरून नियम होत नाही हे मलाही कळतं. कदाचित तो जन्मतःच तसा असेल. आणि ज्याच्या हृदयात आधीच दोष आहे त्यानं उठून मॅरेथॉन पळू नये, हेही खरंच. मी दरवर्षी तपासून घेते, आणि रविवारची लांबची धाव इतकी सावकाश असते की शेजारच्याशी गप्पा मारता येतात. बोलताना धाप लागली तर वेग कमी करायचा, एवढा एकच नियम मी पाळते. नदीवर चायनीज आजी-आजोबा हात झटकत चालत असतात, ते कधी कधी माझ्या पुढे जातात. तेव्हा काळजी करू नकोस.

आता आबांचा प्रश्न. मिळतं काय?

माझा दिवस सकाळी ट्राममध्ये सुरू होतो. आमच्याकडची ग्रीन लाइन म्हणजे रस्त्याच्या मधोमध दर कोपऱ्यावर थांबत जाणारी गाडी. लोक तिला शिव्या घालतात. मला ती आवडते, कारण तिच्यात कादंबरी वाचून होते. ऑफिसला जाताना वाचलेली पानं दिवसभर मागे कुठेतरी चालू राहतात, आणि संध्याकाळी पळताना पुन्हा पुढे येतात. पहिले दोन-तीन किलोमीटर डोक्यात ऑफिसच असतं: अमकीनं मीटिंगमध्ये असं का म्हटलं, तमक्याला उत्तर द्यायचं राहिलं. मग ते गळून जातं आणि पुस्तकातली माणसं येतात. परवा पळताना मला 'बनगरवाडी'तला मास्तर आठवत होता, पहाटे पायी निघालेला. माणदेशातला तो उजाड रस्ता, आणि मी बोचऱ्या वाऱ्यात, नाकातून पाणी वाहतंय, डोक्यावर लोकरीची टोपी, दोन्ही बाजूंना विद्यापीठांच्या लाल विटांच्या इमारती. आबा, तुमचं आजोळ म्हसवडकडचं, म्हणून असेल, पण तो रस्ता मी पाहिलाय असं मला वाटतं.

इथले बरेच जण कानात कादंबरी लावून पळतात. मीही करून बघितलं, मला नाही जमलं. वाचताना आपण एखाद्या वाक्यापाशी थांबतो, मागे जातो, खिडकीबाहेर बघतो. ऐकताना दुसराच कुणीतरी आपल्याला ओढत नेतो. शिवाय मागून येणाऱ्या सायकलची घंटा ऐकू येत नाही, ते वेगळंच.

आणि आमच्या मनूचं तर विचारूच नका. ती सिनेमा दीडपट वेगानं बघते! "आई, ते नुसते चालत असतात ग, त्यात बघायचं काय?" मी म्हटलं, चालताहेत तेच बघायचं. यावरून आमचं चांगलंच वाजलं. तुमचे जावई तिच्या बाजूनं. पण मला त्या भांडणात आबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. पळणं, वाचणं, सिनेमा, या तिन्ही गोष्टींना जितका वेळ लागायचा तितका लागतोच, आणि मला तेच हवं असतं. बाकी सगळं आम्ही दिवसभर लवकर उरकत असतो. वीस किलोमीटर कुणी आपल्यासाठी दहा करून देत नाही.

सिनेमासाठी मी मनूला एकदा कूलिज कॉर्नरला घेऊन गेले. ते ब्रुकलाइनमधलं जुनं थिएटर, आमच्यापासून चालत जाण्यासारखं. मुळात ते चर्च होतं, १९३३ मध्ये त्याचं थिएटर केलं. मोडकळीला आलं तेव्हा लोकांनीच धडपडून वाचवलं, आता नफ्यासाठी चालत नाही. तिथे अजून काही सिनेमे खऱ्या फिल्मवरून दाखवतात, पस्तीस मिलिमीटरच्या. मनूला मी पडद्याचा उजवा वरचा कोपरा बघायला सांगितला. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. ते संपत आलं की त्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो, म्हणजे ऑपरेटरनं दुसरं मशीन सुरू करायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच बदल. तिनं पहिला चुकवला, दुसरा पकडला, आणि मग सिनेमाभर ठिपकेच शोधत बसली. असो. निदान दीडपट वेग तरी नव्हता.

तेव्हा मी तिला तुमची पुसेगावच्या यात्रेतली गोष्ट सांगितली. तंबूत एकच मशीन, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे, शेंगदाणेवाला फिरायचा, आणि पडद्याच्या उलट्या बाजूला बसणारे कमी पैशांत सिनेमा बघायचे, पण त्यांना अक्षरं उलटी दिसायची. यावर तिचा विश्वास बसेना. आता फोनवर तुम्हीच सांगा, आणि बैलबाजाराचंही सांगा.

एप्रिलबद्दल मागच्या वेळी नीट सांगता आलं नव्हतं. एप्रिलचा तिसरा सोमवार इथे सुट्टीचा, त्या दिवशी बॉस्टन मॅरेथॉन. १८९७ पासून चालू आहे. हॉपकिन्टन गावातून निघते आणि बेचाळीस किलोमीटरवर शहरात, थेट सार्वजनिक ग्रंथालयासमोर संपते. त्या ग्रंथालयाच्या दारावर दगडात कोरलंय, 'सर्वांसाठी मोफत'. मी पुस्तकं आणते ती तिथूनच, त्यामुळे रस्त्यावर रंगवलेली ती शेवटची रेघ मी पुस्तकांची पिशवी घेऊन ओलांडते. पळत ओलांडणं माझ्या नशिबात दिसत नाही. तिथे वेगाच्या जोरावर प्रवेश मिळवायचा तर आधी दुसरी एखादी मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत संपवावी लागते, आणि माझा वेग तुम्हाला माहीत आहे.

म्हणून आम्ही न्यूटनला रस्त्याकडेला उभे राहतो, संत्र्याच्या फोडी घेऊन. तिथे हार्टब्रेक हिल नावाची टेकडी आहे. नाव मोठं, चढ जेमतेम सत्तावीस मीटर. यवतेश्वरच्या घाटापुढे पोरखेळ, आणि साताऱ्यात लोक त्या घाटानं भर पावसात अर्धमॅरेथॉन पळतात. पण ही येते बत्तीस-तेहतीस किलोमीटर झाल्यावर, शरीरात साठवलेली साखर संपत आलेली असते तेव्हा. नाव पडलं १९३६ साली. जॉनी केली नावाच्या धावपटूनं इथे पुढच्या टार्झन ब्राउनला गाठलं आणि जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप ब्राउनला झोंबली. तो असा सुटला की शर्यत जिंकूनच थांबला, केली पाचवा आला. पण केली काही खचला नाही. तो ही शर्यत एकूण एकसष्ट वेळा पळायला उतरला, शेवटचा १९९२ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. टेकडीच्या अलीकडे त्याचा पुतळा आहे: तरुण केली आणि म्हातारा केली, हातात हात घालून पळताहेत. संत्री संपली की मनू त्या म्हाताऱ्याचा दुसरा हात धरून फोटो काढते.

आईसाठी एक. पूर्वी या शर्यतीत बायकांना नाव नोंदवू देत नसत. १९६७ साली कॅथरीन स्वित्झरनं नुसती आद्याक्षरं लिहून २६१ हा नंबर मिळवला. पळता पळता एक अधिकारी धावून आला आणि तिचा नंबर ओढायला लागला. तिच्या मित्रानं त्याला खांद्यानं बाजूला ढकललं, आणि तिनं शर्यत पुरी केली. बायकांना रीतसर परवानगी मिळाली १९७२ मध्ये. सत्तरीत, २०१७ साली, ती तोच नंबर लावून पुन्हा पळाली.

हे मी मंडळाच्या गणपतीत सांगत होते, तर एक काकू म्हणाल्या, "आणि आपल्या बारामतीच्या लता करे?" खरंच की. साठी ओलांडलेल्या, नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या, नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. तेव्हापासून बूट घालताना कधी कधी मला जरा ओशाळल्यासारखं होतं. मी पैसे भरून पळते. त्यांनी पैशांसाठी पळून दाखवलं. आबा, तुमच्या प्रश्नाचं हे दुसरं टोक आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आई म्हणेल, आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो तेव्हा कुणी मेडल दिलं नाही. तेही खरं.

आता कामाचं. डिसेंबरात शेजारच्या काकांची मुलगी इकडे येतेय. तिच्याजवळ चकल्या देऊ नका, बॅगेत नुसता चुरा होतो. लसणाची चटणी चालेल, पण दोन पिशव्यांत घालून. आणि आबांच्या कपाटातलं 'रणांगण' पाठवा, तुमच्या पेन्सिलच्या खुणा असलेलं. १९३९ चं पुस्तक, पण त्यातली बोट, जर्मनीतून हाकललेली ती ज्यू माणसं, हे सगळं मला सध्या बातम्या वाचताना सारखं आठवतं. बेडेकर सिनेमेही काढायचे, आणि ते त्या कादंबरीत दिसतंच, एकेक प्रसंग कसा कापलाय बघा. विकतचं नवं नको. कॉलेजात असताना मी ते वाचलं, तेव्हा तुमच्या खुणांवर हसले होते. आता त्या कुठे कुठे आहेत ते बघायचंय.

आबांनी सकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती'च्या टेकडीपर्यंत चालायला सुरुवात केली असं आई म्हणाली, पण किती वेळात हे सांगितलं नाही. बीपीचे आकडे लिहून ठेवा, रविवारी विचारणार आहे. चढावर बोलता येतंय का तेही बघा. शेजारचे काका बरोबर असतात, तेव्हा बोलणं थांबायची भीती नाही.

तुमची,
ताई

ता. क. मनूला इथल्या शाळेत धावण्याच्या संघात घेतलंय. बूट माझेच मागते, आणि ते तिला आता घट्ट होतात.