परवान्याबद्दल, सविस्तर

ती. आई-बाबांना सा. न.,

आत्यानं फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो तुम्ही पाहिलाच असणार. आमच्या हॉटेलच्या काचेवर लावलेला तो निळा कागद. खाली तिनं नुसती दोन प्रश्नचिन्हं टाकली आणि बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत, म्हणजे बाबांना सगळं समजलंय. फोनवर अर्धवट बोलून गैरसमज वाढण्यापेक्षा नीट लिहूनच सांगते. हो, जेवणाबरोबर बिअर आणि वाइन द्यायचा परवाना आम्ही मागितला होता आणि गेल्या आठवड्यात तो मिळाला.

आधी पैशाचं सांगते, कारण खरं कारण तेच आहे. इथं इंग्लंडात, डर्बीत लोक शुक्रवार-शनिवारी बाहेर जेवतात ते दोन तास निवांत बसायला. फोनवर पहिला प्रश्न पाटवडी रश्श्याचा नसतो, "ड्रिंक्स मिळतात का?" हा असतो. नाही म्हटलं की आठ-दहा जणांचं टेबल दुसरीकडे जातं. जेवणावर जे सुटतं ते भाडं, गॅस आणि दोन मुलांचे पगार यांतच संपतं. तुमचे जावई दर महिनाअखेरीला वही घेऊन बसतात तेव्हा मी मुद्दाम भांडी घासायला जाते.

आता परवाना कसा मिळतो ते. बाबांना यात रस वाटेल, राग बाजूला ठेवला तर. इथं कलेक्टर नाही आणि राज्य उत्पादन शुल्क खातंही नाही. पूर्वी हे काम मॅजिस्ट्रेटकडे होतं. २००३ चा कायदा नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला आणि ते स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेकडे आलं. अर्जाबरोबर जागेचा नकाशा द्यायचा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत दारू देणार ते लिहायचं, आणि एका माणसानं विक्रीची जबाबदारी आपल्या नावावर घ्यायची. ते नाव माझं आहे. त्यासाठी वेगळा वैयक्तिक परवाना लागतो, त्याची परीक्षा असते: चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं, पास व्हायला अठ्ठावीस. शिवाय आपल्या नावावर काही गुन्हा नाही याचा दाखला. अर्जाची फी जागेच्या सरकारी मूल्यावर ठरते. आमची १९० पौंड, पुढं दरवर्षी १८०. अर्जाची जाहिरात पेपरातही द्यावी लागली, तिला त्याहून जास्त गेले, हे मात्र मला अजून पटलेलं नाही.

आणि तो निळा कागद म्हणजे आमच्या अर्जाची जाहीर सूचना. फिकट निळाच हवा, निदान ए-फोर आकाराचा, अक्षर १६ पॉइंटपेक्षा बारीक चालत नाही, आणि २८ दिवस रस्त्यावरून वाचता येईल असा लावून ठेवायचा. त्या काळात कुणीही हरकत घेऊ शकतं. पोलीस, अग्निशमन, पर्यावरण आरोग्य, बालसंरक्षण, सगळ्यांकडे अर्ज जातोच. पोलिसांकडची बाई येऊन गेली. कॅमेऱ्याचं चित्रीकरण ३१ दिवस ठेवा म्हणाली. पंचविशीच्या आतला दिसला की ओळखपत्र मागा, आणि ज्याला नाही म्हणाल त्याची वहीत नोंद करा. नकारांची वही! बाबा, तुम्ही शाळेत उशिरा येणाऱ्यांची ठेवायचात ना, तशीच आहे, तारीख-वेळ-कारण-सही.

हरकती आल्याच. आल्या की सुनावणी होते, तीन नगरसेवकांसमोर. मी साडी नेसून गेले होते, का ते विचारू नका. हरकत मात्र कशावरही घेऊन चालत नाही. कायद्यात चारच गोष्टी आहेत: गुन्हे आणि दंगा होऊ नये, लोकांच्या जिवाला धोका नको, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव नको, मुलांना अपाय नको. रस्त्यावर आधीच पुरे पब आहेत, असं एका पत्रात होतं. ते धरलं नाही, कारण गरज आहे की नाही हे परवाना देताना बघत नाहीत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्या स्वतः आल्या होत्या. त्यांना दारूचं काही नव्हतं, त्यांना बाटल्यांचं होतं. आधीच्या भाडेकरूच्या वेळी रात्री साडेअकराला रिकाम्या बाटल्यांची टोपली मागच्या पत्र्याच्या डब्यात उपडी व्हायची, बरोबर त्यांच्या झोपायच्या खोलीखाली. त्या आवाजाची त्यांनी तोंडानं नक्कल करून दाखवली, अगदी खणखणाट, तिन्ही नगरसेवक हसायचे थांबेनात. मी तिथंच कबूल केलं की बाटल्या रात्रभर आत ठेवू आणि सकाळी नऊनंतर टाकू. आता तीच अट परवान्यात छापून आली आहे. एका नगरसेवकानं विचारलं, नुसती बिअर प्यायला कुणी आलं तर? म्हटलं, बसायला जागाच देणार नाही. तीही अट झाली. दारू फक्त टेबलावर बसून जेवणाऱ्याला, जेवणाबरोबरच, आणि साडेदहाला बंद. आम्ही अकरा मागितले होते.

आणखी एक पत्र होतं, त्यावरच मला खरं लिहायचंय. एका गृहस्थांनी दोन पानं हातानं लिहिली होती. म्हणणं एवढंच की दारू ही गोष्टच वाईट, तिनं घरं मोडतात, म्हणून कुणालाच परवाना देऊ नये. समितीनं ते बाजूला ठेवलं. नीतीचा मुद्दा त्या चारांत बसत नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण बाबा, ते पत्र तुम्ही लिहिलं असतंत. समितीला त्याचं उत्तर द्यावं लागलं नाही, मला द्यावं लागणार.

तर उत्तर असं. आमच्याकडे परवाना नव्हता तेव्हा दारू नव्हती असं नाही. परवाना नसलेल्या हॉटेलात लोक आपापली बाटली आणतात, कायद्याला ते चालतं. आपण ग्लास द्यायचे आणि बघत बसायचं. फेब्रुवारीत एक माणूस सुपरमार्केटच्या दोन वाइन घेऊन आला, एकट्यानं संपवल्या आणि बायकोवर ओरडायला लागला. मी "आता पुरे" म्हणाले, तर म्हणाला, "बाटली माझी आहे." बाटली खरंच त्याची होती. आता बाटली माझी असेल. झिंगलेल्याला विकणं इथं गुन्हा आहे, तेव्हा नाही म्हणणं माझं कामच झालं.

धाकट्या काकांना मी विसरलेले नाही. आपला जिल्हा दारूबंदीचा, तरी त्यांना कधी एका संध्याकाळीही कमी पडली नाही. कुठं मिळते ते सगळ्या आळीला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कुणालाच काही विचारता येत नव्हतं, कारण कागदोपत्री ती नव्हतीच. याचा अर्थ बंदी उठवा असं मी म्हणत नाही. आई, तू बायकांबरोबर हातभट्टीच्या तक्रारी घेऊन ठाण्यात उन्हात उभी राहायचीस, ते मी पाहिलंय. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली तेव्हा बाबा दोन दिवस पेपरला शिवले नाहीत, हेही आठवतं. महाराष्ट्रात वॉर्डातल्या बायका मतदान घेऊन बाटली आडवी करू शकतात, तसा हक्क इथं नाही. पण वरच्या आजींना त्रास झाला तर त्या एकट्या, कधीही, माझ्या परवान्याचा फेरविचार करायला लावू शकतात. त्यांना मी स्वतः तसं सांगून आले. जावई म्हणाले, कशाला सांगितलंस!

बाबांना आणखी एक धक्का देऊन ठेवते, नाहीतर इथं आल्यावर चारचौघांत बोलाल. इथं अठराव्या वर्षी दारू विकत घेता येते, आणि सोळा-सतराचं पोर मोठ्यांबरोबर जेवायला बसलं असेल तर त्याला बिअर-वाइन पिताही येते, विकत मोठ्यांनी घ्यायची. कायदा म्हणतो चालेल. आमच्या हॉटेलात चालणार नाही, हे मी ठरवलंय आणि ते कुठल्या अटीत नाही.

पहिली ऑर्डर छोटीच दिली आहे. थोडी बिअर, दोन प्रकारची वाइन, बस. कडक काही ठेवणार नाही. तुमच्या देवघराचा फोटो गल्ल्यामागे होता तो मात्र आत स्वयंपाकघरात लावला. तिथं तो मला जास्त दिसतो.

आई, तू मे महिन्यात येशील तेव्हा सावजी मसाला दोन किलो आण, इथला नुसता लाल दिसतो. गोळाभाताला तेल कुठलं वापरू तेही कळव, शेंगदाण्याचं इथं महाग पडतं. आणि बाबा, रागवायचं असेल तर मला थेट फोन करून रागवा, आईच्या आडून निरोप नकोत. सोमवारी हॉटेल बंद असतं, दिवसभर बोलता येईल.

तुमची,
धाकटी