विषय: सिनेमाचा शेवट परत मिळण्याबाबत (पाचव्या फोननंतर, लेखी)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ॲपवरच्या विहिरींच्या सिनेमाबद्दल लिहितोय. नाव पाच फोनमध्ये पाच वेळा सांगून झालंय, नोंदी तुमच्याकडे आहेत. जग उद्ध्वस्त झाल्यावर गाढवावर दोरखंड लादून कोरड्या विहिरी तपासत फिरणाऱ्या बाईचा सिनेमा तुमच्याकडे एकच असावा. दोन असतील तर अभिनंदन.

२ तास १४ मिनिटं ८ सेकंदांनी पडदा काळा होतो. सिनेमा संपत नाही, फक्त पडदा काळा होतो. अंधारात रहाट कुरकुरतो, दोरी सुटत जाते, बाईचा श्वास ऐकू येतो, गाढव एकदा फुरफुरतं. अडीच मिनिटं हेच. आणि मग तोवर अकरा विहिरींत दगडावर 'ठण्' आपटलेली ती बादली पहिल्यांदाच 'डुबुक' करते. त्यानंतर श्रेयनामावली.

तुमच्या ॲपला मात्र काळं दिसलं की सिनेमा संपलाच असं वाटतं. आठव्या सेकंदाला चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि उरलेल्या पडद्यावर झोंबींच्या मालिकेचा ट्रेलर किंचाळू लागतो. रिमोट सापडेपर्यंत बादली बुडालेली असते. मागे नेलं की पुन्हा आठ सेकंद, पुन्हा झोंबी. ऑटोप्ले बंद आहे. पहिल्या फोनलाच बंद केलंय.

या सिनेमावरून लोकांत दोन तट पडलेत हे मला कुणी सांगायला नको, आमच्या घरातच पडलेत. बायको पाचव्या विहिरीला झोपली. तिचं मत तिनं झोपून मांडलं, मला मान्य आहे. पहिला संवाद एकोणिसाव्या मिनिटाला येतो आणि तोही गाढवाशी, हे सगळ्यांना पचावं असा माझा हट्ट नाही. थिएटरात पहिल्यांदा पाहिला तेव्हा सातव्या विहिरीला मीसुद्धा घड्याळ बघितलं होतं. पण मेहुण्यांचं तसं नाही. ते शेवटपर्यंत नेटानं बसले आणि झोंबी आल्यावर म्हणाले, "हे काय? पाणी लागलं की नाही तेच दाखवलं नाही. पैसे संपले वाटतं यांचे." मी म्हटलं, लागलं ना. "कुठं लागलं?" आणि मला दाखवता येईना. तीन आठवडे झाले, ते मला 'डुबुकराव' म्हणून हाक मारतात.

'याला शेवटच नाही' म्हणून रागावलेले जे प्रेक्षक आहेत, त्यांतल्या किती जणांनी राग सिनेमावर काढला आणि किती जणांनी नकळत तुमच्या झोंबींवर, याचा हिशेब तुम्ही कधी केलाय का? पाचपैकी अडीच तारे ही सरासरी आहे. हा सिनेमा अडीच ताऱ्यांचा वाटलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटतात ते एकवाले नाहीतर पाचवाले.

त्यात तुमचा ट्रेलर. अख्ख्या सिनेमात बंदुकीचे दोन बार आहेत, दोन्ही डोंगरापलीकडून ऐकू येणारे. ट्रेलरमध्ये ते दोन्ही पहिल्या चाळीस सेकंदांत वाजतात आणि वर पाटी, 'थरारक'. धंद्यातली माणसं तुम्ही, तुम्हाला २०१७ चा 'इट कम्स ॲट नाइट' आठवत असेल. समीक्षकांनी उचलून धरला, आणि पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांची मतं घेणाऱ्या 'सिनेमास्कोअर'मध्ये त्याला 'डी' मिळाला. ट्रेलर पाहून लोक रात्री काहीतरी येणार म्हणून गेले होते, सिनेमा होता एकमेकांवरचा विश्वास उडालेल्या माणसांचा. जत्रेचं आमंत्रण देऊन कीर्तनाला बसवलं तर बुवांचा काय दोष?

आता कालचा फोन. एकवीस मिनिटं सनई ऐकवल्यावर तुमचे प्रतिनिधी आले. शब्दशः देतोय, कारण मी लिहून घेतलं.

"सर, हा सिनेमा स्लो आहे अशा बऱ्याच तक्रारी आहेत. आपण दीडपट वेगानं बघू शकता."

मी म्हटलं, माझी तक्रार ती नाहीच.

"समजलं सर. सिनेमा आवडला नाही याबद्दल दिलगीर आहोत."

"अहो, मला आवडलाय!"

जरा शांतता. "मग सर, तक्रार काय आहे?"

शेवट दिसत नाही, मी म्हटलं.

"सर, मी इथे बघतोय. शेवटी स्क्रीन काळीच आहे. बघण्यासारखं काही नाहीये."

"ऐकण्यासारखं आहे."

"अच्छा, म्हणजे आवाजाचा प्रॉब्लेम आहे. टीव्ही बंद करून चालू करा."

मी केला. खोटं कशाला सांगू, हताश होऊन केला. झोंबी आणखी स्पष्ट ऐकू आले.

क्रिस मार्करचा १९६२ चा 'ला जेते' तुमच्याकडे नाही हे एका अर्थी बरंच आहे. २८ मिनिटांचा, कल्पनेतल्या तिसऱ्या महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगाचा, जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा. हलतं चित्र एकाच जागी, झोपलेली बाई डोळे उघडते तेवढंच. ती डोळे उघडेपर्यंत तुमच्या माणसानं मला राउटर बदलायला लावला असता.

फोन ठेवल्यावर मेसेज आला. 'तक्रार निकाली. वर्ग: आशय आवडला नाही.' म्हणजे ज्या सिनेमासाठी मी पाच फोन केले, त्याच्याच विरोधकांत तुम्ही माझी पाच वेळा मोजणी केली! उद्या या आकड्यांवर बोट ठेवून तो सिनेमा ॲपवरून काढाल आणि कारण द्याल 'प्रेक्षकांची नापसंती'. त्यातला प्रेक्षक मी असेन. ऑटोप्ले बंद आहे, हे पुन्हा लिहितो, कारण उत्तरात तुम्ही तेच सुचवणार.

वर्गणी बंद करायला मला दोन मिनिटं लागतील. ट्रेलरबद्दल कायद्याची भाषाही करता येईल. ट्रेलरमधली अभिनेत्री सिनेमात नव्हती म्हणून अमेरिकेत दोन प्रेक्षक कोर्टात गेले, तेव्हा ट्रेलरलाही फसव्या जाहिरातीचे कायदे लागू शकतात असं तिथल्या न्यायाधीशांनी २०२२ च्या डिसेंबरात म्हटलं. (पुढे तो दावा टिकला नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या वकिलांनी कळवायची तसदी घेऊ नये.) खरं सांगायचं तर भांडायची हौस नाही. असले आडवाटेचे सिनेमे तुम्ही ठेवत होतात म्हणूनच तुमच्याकडे आलो होतो. आता ते दुसऱ्या कुणाच्या आवाजाखाली गाडण्यासाठी ठेवता असं दिसतंय.

श्रेयनामावली कुठे सुरू होते याची खूण तुमच्याच कुणीतरी किंवा कुठल्यातरी यंत्रानं २:१४:०८ वर मारली आहे. ती २:१६:५० वर न्या, एवढंच काम आहे. येत्या रविवारी मेहुणे परत येणार आहेत. त्याआधी झालं तर बरं. सिनेमा भिकार आहे असं ते पुन्हा म्हणाले तरी चालेल, पण बादली ऐकून म्हणू देत.

तुमचा, रविवारपर्यंत तरी,
वर्गणीदार