प्रश्न एक, खाती अनेक

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या राष्ट्रीय मानांकनाची यादी दर वर्षी जाहीर होते, तेव्हा महाराष्ट्रातले कोणते विद्यापीठ किती क्रमांकांनी वर चढले आणि कोणते घसरले याची चर्चा आपल्यासह सर्वच वृत्तपत्रांत रंगते. ज्या निकषांवर हा क्रम लागतो त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. या मानांकनाच्या सर्वसाधारण गटात शंभरपैकी तीस गुण संशोधनाला आहेत आणि ते मुख्यतः प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, इतरांनी घेतलेले त्यांचे संदर्भ, मिळालेली पेटंट आणि प्रकल्पांतून आलेला निधी यांवरून ठरतात. ‘आउटरीच’ या नावाने आणखी दहा गुण दिसतात खरे, पण ते विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण किती, परराज्यांतले विद्यार्थी किती, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतले किती, दिव्यांगांसाठी सोयी कोणत्या यांसाठी आहेत. या गोष्टी महत्त्वाच्याच आहेत. परंतु विद्यापीठाच्या आसपास राहणाऱ्या माणसांची एखादी अडचण तिथल्या संशोधनामुळे सुटली का, हे विचारणारा रकाना त्यात नाही.

मी कोकणातल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि घरची थोडी आंब्याची कलमे आहेत, म्हणून उदाहरण आंब्याचेच घेतो. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. आज त्याच्या नावावर असलेल्या कामांपैकी सामान्य बागायतदाराच्या रोजच्या हाताळणीत असलेली वस्तू म्हणजे झाडावरून आंबे उतरवण्याचा ‘नूतन’ झेला. बांबूच्या टोकाला कडी, कडीला जाळी आणि तोंडाशी देठ कापणारे पाते, एवढाच त्याचा संसार. मात्र पूर्वी आंबा हिसडून काढला की देठ मुळाशी तुटत असे, चीक सालीवर ओघळत असे, त्याचे काळे डाग पडत आणि देठाकडून कुजण्याला वाट मिळे. डागी फळ पेटीत भरता येत नाही, ते कॅनिंगला किलोच्या भावाने जाते. पात्याने देठासकट उतरवलेला आंबा स्वच्छ राहतो, म्हणजे एका पात्याने फळाची प्रतच बदलते. या झेल्यात मोठे विज्ञान नाही असे कोणी म्हणेल. चीक कुठून येतो आणि कधी येतो हे वनस्पतिशास्त्राने सांगायचे, पाते कोणत्या कोनात बसवायचे हे अभियंत्याने ठरवायचे आणि झाडावर चढणाऱ्या गड्याला ते दिवसभर पेलेल का, हे त्या गड्यालाच विचारायचे, या तिन्ही गोष्टी तिथे जुळून आल्या, हे मला अधिक मोलाचे वाटते.

सगळे प्रश्न इतके सरळ नसतात. हापूसच्या साक्याचे घ्या. फळ बाहेरून निर्दोष दिसते आणि कापल्यावर आत पांढुरके, स्पंजासारखे, आंबट निघते. बागायतदाराची अब्रू ग्राहकाच्या ताटात जाते. दापोली विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हे वाण तयार केले, ते १९८१ मध्ये प्रसारित झाले आणि त्यात साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून अगदी पातळ कोयीचे ‘सिंधू’ आले. वनस्पतिप्रजननाच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच सुटला. पण बाजाराला रत्ना नको होता, हापूस हवा होता, आणि २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर तर त्या नावाचे वजन आणखी वाढले. म्हणून बागायतदार हापूसच लावतो, चौदा आणे, म्हणजे सोळा आण्यांपैकी चौदा आणे इतका, तयार झालेला आंबा उतरवावा म्हणजे साका कमी राहतो ही शिफारस जमेल तशी पाळतो आणि उरलेले नशिबावर सोडतो. वाण तयार करणारा शास्त्रज्ञ इथे चुकला नाही. ग्राहक नावाला किती पैसे मोजतो आणि नव्या वाणाला बाजारात जागा मिळायला काय करावे लागते, हे विचारणारा माणूस त्याच्या शेजारच्या खोलीत नव्हता, एवढेच.

कल्टारची गोष्ट याहून बोलकी आहे. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. त्यावर पॅक्लोब्युट्राझोल (बाजारातले नाव कल्टार) हे वाढरोधक झाडाच्या विस्ताराच्या प्रति मीटर व्यासाला ठरावीक मात्रेत, पावसाळ्यात, बुंध्याभोवती मातीत द्यावे आणि जोडीला खतपाणी वाढवावे, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. ती योग्य आहे आणि तिने अनेकांचा फायदा झाला. पण कोकणातल्या कितीतरी बागा काही हंगामांच्या कराराने दिल्या जातात. मालक मुंबईला असतो, बाग करारदाराच्या हाती असते आणि त्याला झाडाच्या पन्नास वर्षांशी नव्हे, तर आपल्या दोन-चार हंगामांशी कर्तव्य असते. मात्रा वाढते, खत मात्र वाढत नाही. काही वर्षांनी बाग परत ताब्यात येते तेव्हा पालवी आखूड, मोहोर गुच्छासारखा दाटलेला आणि झाड दमलेले, ही तक्रार आमच्याकडे कोणत्याही बागायतदाराच्या तोंडून ऐकायला मिळेल. औषध तेच आहे, शिफारसही तीच आहे. बिघडले आहे ते मालक आणि करारदार यांच्यातले नाते. तो विषय कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा आहे. करारात खताची जबाबदारी कोणाची, औषधाची मात्रा कोण तपासणार, झाडाचे नुकसान झाले तर भरपाई कशी ठरवणार, यावर एखादा नमुना करार तयार झाला असता तर तो कोणत्याही नव्या रसायनाइतकाच उपयोगी पडला असता. मी स्वतः अर्थशास्त्राचा असूनही हे काम आमच्यापैकी कोणाला सुचू नये, याचे मला नवल वाटत नाही, कारण आमचे पदव्युत्तर विद्यार्थी बँकांच्या थकीत कर्जांवर एकसारखे प्रबंध लिहीत होते आणि आम्ही ते मंजूर करत होतो.

हे का घडते, याचे एक उत्तर शासनाच्या रचनेतच आहे. आपल्या राज्यातली चार कृषी विद्यापीठे कृषी खात्याकडे आहेत, नागपूरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ पशुसंवर्धनाकडे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ वैद्यकीय शिक्षणाकडे आणि उरलेली अकृषी विद्यापीठे उच्च व तंत्रशिक्षणाकडे. चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी दर वर्षी संयुक्त ॲग्रेस्कोच्या, म्हणजे संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या, बैठकीत चर्चिल्या जातात, ही पद्धत चांगली आहे, पण तिथे बसणारे सगळे कृषीचेच. दापोलीचे विद्यापीठ रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरी शहरात आहे. दोघांच्या मधले अंतर रस्त्याने काही तासांचे आहे, कागदावर मात्र दोन मंत्रालयांचे.

पूर्वी असे नव्हते, असे सरसकट म्हणणे खोटे ठरेल. पण पूर्वी काही माणसांनी ही कुंपणे मनावर घेतली नाहीत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी शहरांची आणि तालुक्यांची घरोघर जाऊन सर्वेक्षणे करवली आणि तेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले, त्याचे पहिले अध्यक्ष झाले. सहकारी कारखानदारीचे पुढे काय झाले हा वेगळा, आणि फारसा सुखाचा नसलेला, विषय आहे. तरी आपला सिद्धान्त शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर तपासून पाहायला तयार असलेला प्राध्यापक आजच्या गुणांकनात कोणत्या रकान्यात बसला असता, याचा विचार जरूर व्हावा.

डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी केलेले कोयनेचे काम याहून अवघड जातीचे होते. धरण बांधणे हा अभियंत्यांचा विषय मानला गेला, विजेचे गणित अर्थतज्ज्ञांचे आणि उठवलेली माणसे महसूल खात्याची. कर्वे आणि जाई निंबकर यांनी त्या विस्थापितांचे सर्वेक्षण केले आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. घर, जमीन, देव, सोयरीक आणि मजुरी ही एकाच माणसाच्या बाबतीत वेगवेगळी काढून मोबदला ठरवता येत नाही, हे समाजशास्त्राच्या पद्धतीनेच दाखवता येते, टेपने मोजून नव्हे. राज्यात पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये आला, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे झाले. असे असूनही कोयनेचे विस्थापित आणि त्यांची पुढची पिढी आपल्या हक्कांसाठी कित्येक दशके आंदोलने करत राहिली. अभ्यास झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे. अहवाल अंमलबजावणी करणाऱ्याच्या टेबलावर जिवंत ठेवणे हे कोणाचे काम, हे आजही कुठे लिहिलेले नाही.

अलीकडच्या प्रयत्नांत आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या केंद्राचा उल्लेख करायला हवा. ग्रामीण भागाला उपयुक्त तंत्रज्ञानासाठी १९८५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातले विद्यार्थी गावात राहून नळयोजना का बंद पडली, टँकर का लागतो, असे प्रश्न हाताळतात. त्याच धर्तीवर राज्याने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले, ज्यात जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्हा प्रशासनासाठी अशी कामे करायची आहेत. पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातल्या सुमारे पाच हजार गावांसाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटीच्या मदतीने तयार झाली. पडलेला पाऊस, वाहून गेलेले पाणी, जमिनीत मुरलेले पाणी आणि पिकाची गरज यांचा हिशेब गावापुढे मांडला की ऊस लावायचा की हरभरा, हा वाद निदान आकड्यांवर होतो. तो मिटतो असे मात्र नाही, कारण ताळेबंदात तूट दिसली तरी बोअरवेल कोणी बंद करायची, हे पाणलोटाचे गणित सांगत नाही. तिथे पुन्हा राज्यशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा माणूस लागतो.

याच्या उलट एक उदाहरणही नोंदवले पाहिजे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगी पडते, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू केलेल्या कामातून दाखवून दिले. त्यामागे विद्यापीठाची भव्य प्रयोगशाळा नव्हती, रात्री येणारे रुग्ण आणि खाटेशेजारी बसून केलेल्या नोंदी होत्या. विद्यापीठांनी अशा डॉक्टरांकडे, तशाच नोंदी ठेवणाऱ्या शिक्षकांकडे आणि शेतकऱ्यांकडे सहसंशोधक म्हणून पाहायला शिकावे, असे मला वाटते. सध्या ते फार तर ‘नमुना’ असतात.

केवळ उपयोगी पडेल तेच संशोधन करावे, असा माझा आग्रह नाही. साक्याचा संबंध झाडावरच्या फळातल्या कोयीत अकाली सुरू होणाऱ्या रुजण्याच्या क्रियेशी आहे, हे बेंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेतल्या मूलभूत स्वरूपाच्या अभ्यासातूनच पुढे आले, आणि त्यावर उद्या एखादा उपाय उभा राहील. माझी तक्रार मूलभूत संशोधनाविषयी नाही. जे ना मूलभूत आहे ना कोणाच्या कामाचे, आणि तरीही बढतीच्या गुणांसाठी छापले जाते, त्याविषयी आहे.

तेव्हा आपल्या माध्यमातून तीन सूचना मांडतो. पहिली, पीएच.डी.च्या प्रत्येक प्रबंधासोबत चार-पाच पानांचा मराठी सारांश बंधनकारक करावा आणि ज्या तालुक्यात अभ्यास झाला तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात व पंचायत समितीत त्याची प्रत जावी. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, बहुधा इंग्रजीत, असतो हे खरे, पण ज्या बागायतदाराने संशोधकाला दोन दुपारी बसवून माहिती दिली, तो तिथे जाऊन वाचणार नाही. दुसरी, कृषी आणि अकृषी विद्यापीठांनी एकाच प्रबंधाला दोन्हीकडचे मार्गदर्शक देण्याची सोय करावी. तिसरी सूचना आपल्या वृत्तपत्रासाठीच आहे. ॲग्रेस्कोच्या शिफारशींच्या बातम्या देताना ती शिफारस कोणत्या परिस्थितीत चालत नाही, हेही शास्त्रज्ञांना विचारून छापावे.

सुरुवात बागेच्या नमुना करारापासून करता येईल. दापोलीचे उद्यानविद्यातज्ज्ञ, मुंबई विद्यापीठाच्या विधी आणि अर्थशास्त्र विभागांतले दोघे-तिघे अध्यापक आणि करारावर बागा घेणारे काही व्यापारी एकत्र बसले तर मसुदा व्हायला एक हंगाम पुरेल. कल्टार पावसाळ्यात घालतात, म्हणजे करारातल्या अटी त्याआधी, मे महिना संपण्यापूर्वी, दोन्ही पक्षांच्या हाती असायला हव्यात.

आपला,
एक वाचक (निवृत्त प्राध्यापक),
जि. रत्नागिरी