औषधी गांजाचा निर्णय वेगळा घ्यावा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गांजाला कायद्याने मान्यता द्यावी की नाही, यावर आपल्या दैनिकात चाललेला पत्रव्यवहार मी पहिल्यापासून वाचत आहे. दोन्ही बाजूंची माणसे तळमळीने लिहितात, याबद्दल शंका नाही. मात्र रुग्णाला लागणारे औषध आणि धडधाकट माणसाने मौजेसाठी केलेली नशा या दोन गोष्टींची बहुतेक पत्रांत एकच मोट बांधलेली असते. मान्यतेचे समर्थक आजारी मुलाच्या उदाहरणाने सुरुवात करून खुल्या विक्रीच्या मागणीवर येतात, तर विरोधक व्यसनाधीन तरुणाकडे बोट दाखवून रुग्णासाठीचे दारही लावून घेतात. मी औषधनिर्माता म्हणून आयुष्य काढले आहे. या सरमिसळीत सर्वाधिक नुकसान रुग्णाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी परिचयातल्या एका बाईंनी माझ्यासमोर गांजाच्या तेलाची एक लहान तपकिरी बाटली ठेवली. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला अपस्माराचे झटके येत आणि नेहमीच्या औषधांनी ते पुरेसे आटोक्यात येत नसत. बाटलीवर हिरव्या पानाचे चित्र होते, ‘संपूर्ण नैसर्गिक’ असे शब्द होते आणि ‘जिभेखाली दोन थेंब’ एवढीच सूचना होती. एका थेंबात किती मिलिग्रॅम द्रव्य आहे, त्यात गांजातले नशा न आणणारे सीबीडी किती, नशा आणणारे टीएचसी किती, तेल केव्हा तयार झाले आणि कधीपर्यंत वापरावे, यांपैकी काहीही छापलेले नव्हते. बाईंनी सोबत एक वही आणली होती. तीत रोजच्या तारखेपुढे झटक्यांसाठी उभ्या रेघा आणि त्यांच्या शेजारी दिलेले थेंब लिहिलेले होते. ‘काका, अजून एक थेंब वाढवू का?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मुलाला व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही दोन औषधे चालू होती, म्हणून माझी काळजी अधिक वाढली. सीबीडी व्हॅल्प्रोएटसोबत दिल्यास यकृतातील एन्झाइमांची पातळी वाढण्याचा धोका असतो, आणि क्लोबाझामपासून शरीरात तयार होणारे क्रियाशील द्रव्य सीबीडीमुळे रक्तात कित्येक पटींनी साचू शकते, त्यामुळे मूल गुंगीत राहते. ‘आता तो शांत झोपतो’ असे त्या आनंदाने सांगत होत्या. झटके खरोखर शमले होते की गुंगीच वाढली होती, हे रक्त तपासल्याशिवाय कोणालाही सांगता आले नसते. त्यांच्या मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना या बाटलीची कल्पनाही नव्हती, कारण ते रागावतील या भीतीने बाईंनी ती लपवून ठेवली होती.

याच सीबीडीचे रीतसर औषध कसे तयार होते, हेही पाहण्यासारखे आहे. ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या अतितीव्र अपस्मारावर शुद्ध सीबीडीची चाचणी घेण्यात आली. तीत १२० मुले व तरुण होते आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या गटात आकडीच्या झटक्यांची मध्यक संख्या महिन्याला १२.४ वरून ५.९ वर आली, तर औषधाविना केवळ तसेच दिसणारे द्रावण घेणाऱ्या गटात ती १४.९ वरून १४.१ झाली. त्यानंतर २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते औषध मंजूर केले. त्याची मात्रा रुग्णाच्या वजनानुसार मिलिग्रॅममध्ये ठरते, ती हळूहळू वाढवतात आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. त्याने नशा येत नाही. केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर टीएचसीचे कृत्रिम रूप असलेले ड्रोनॅबिनॉल तर अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात त्यावर तोंडात मारायचा फवारा अनेक देशांत डॉक्टर लिहून देतात. ही तीनही औषधे मूळ झाडापासून किंवा त्याच्या रसायनशास्त्रातून आलेली आहेत, परंतु यांपैकी एकही ओढून घेण्याचे नाही.

दुखण्यावरच्या उपयोगाबद्दल मात्र तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांच्या दीर्घकालीन वेदनेवर उपयोग होतो असे म्हटले, तर वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे सांगून शिफारस करण्यास नकार दिला. गांजाच्या तेलाने कर्करोग बरा होतो असे सांगणाऱ्यांपासून तर वाचकांनी दूरच राहावे.

टीएचसीचे रेणू १९६४ साली वेगळे केले गेले, तरी संशोधन इतकी वर्षे रखडले. त्याला कायद्याची चौकट बरीचशी जबाबदार आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा हेरॉइनच्या पंक्तीत, सर्वांत कडक परिशिष्टात बसवला होता. तेथून तो डिसेंबर २०२० मध्ये काढण्यात आला, तोही २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतांनी. करारातील पहिल्या परिशिष्टात तो आजही आहे, म्हणजे नियंत्रण उठलेले नाही. वैद्यकीय उपयोगाची वाट मोकळी करताना नियंत्रण सोडावे लागत नाही, हे अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाने फार पूर्वी दाखवले आहे.

आता मौजेच्या वापराविषयी. स्वतःच्या वापरासाठी थोडा गांजा बाळगणाऱ्याला तुरुंगात टाकू नये, असे माझे मत आहे. अशा एका खटल्याने तरुणाची नोकरी आणि पुढची सारी वाट बंद होते, आणि कायद्याचा बडगा कोणावर पडतो हेही पाहावे लागते. अमेरिकेत वापराचे प्रमाण जवळपास सारखे असूनही कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक आढळली आहे. पण शिक्षा न करणे निराळे आणि व्यापार उभा राहू देणे निराळे. अमेरिकेत जप्त केलेल्या मालातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ मध्ये १२ टक्क्यांवर गेले. आज विकले जाणारे अर्क त्याहून कितीतरी तीव्र असतात. रोज आणि तीव्र माल घेणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका वाढलेला दिसतो, आणि मेंदूची वाढ पूर्ण व्हायची असते अशा वयात हे सुरू झाले तर चिंता दुणावते. गोळ्या-चॉकलेटांच्या रूपात विक्री सुरू झाल्यावर अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी होत्या, २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या. घरातल्या कपाटात खाऊसारखे दिसणारे पाकीट असेल, तर दोन वर्षांच्या मुलाचा त्यात काय दोष?

‘दारू चालते, मग गांजा का नाही?’ हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण जाहिराती, प्रायोजक आणि महसूल यांच्या जोरावर एकदा धंदा मोठा झाला की त्याला आवर घालणे किती अवघड जाते, हे दारूनेच तर शिकवले आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, तेव्हा पुरेसे नियम तयार नव्हते. हजारो दुकाने उभी राहिली आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालण्याची पाळी सरकारवर आली. याउलट जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅमपर्यंत बाळगण्याची आणि घरी तीन झाडे लावण्याची मुभा दिली, दुकाने मात्र उघडू दिली नाहीत. मला हा मार्ग अधिक विचारी वाटतो.

त्यामुळे मौजेच्या वापराची चर्चा हवी तितकी चालू द्यावी, परंतु तिचा निकाल लागेपर्यंत रुग्णांना ताटकळत ठेवू नये, अशी धोरण ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तपासलेले औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळावे, त्यावर सीबीडी आणि टीएचसी या दोन्ही द्रव्यांचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलेले असावे, आणि घरात असे तेल चालू आहे का हे डॉक्टरांनी न रागावता विचारावे. त्या बाईंची वही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. थेंबांच्या रकान्यात त्यांना मिलिग्रॅम लिहिता यावेत आणि ते पान डॉक्टरांसमोर उघडता यावे, एवढी सोय तरी लवकर व्हावी.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधनिर्माता